घरी लावायला दिलेली रेडियमची पट्टी कागद का सोडत नाही

"दादा, तुमची पट्टी कागदच सोडत नाहीये. टेप ओढली की नुसती टेप हातात येते, रेडियम तिथल्या तिथं."

पट्ट्या कुरियरने पाठवणाऱ्या प्रत्येकाला हा फोन ओळखीचा असेल. त्याच्या मागोमाग दुसरा येतो: "गाडीला लागली, पण टेप काढताना परत टेपबरोबर वर आली." आणि पंधरा दिवसांनी तिसरा: "टोकं उचलायला लागलीत."

सांगलीत माझं रेडियमचं दुकान आहे. कुठल्याही चिकट व्हिनाइलला, म्हणजे प्लास्टिकच्या पातळ चिकट पापुद्र्याला, आपल्याकडे रेडियमच म्हणतात, त्या मूलद्रव्याचा त्यात कणही नसतो. पण शब्द रुळलाय म्हणून मीही इथं तोच वापरतो. घरी पाठवलेल्या पट्टीत तीन थर असतात: खाली कागद, मधे कापलेलं रेडियम, आणि ते कागदावरून उचलून गाडीवर नेणारी ट्रान्सफर टेप वर; रेडियम गाडीला लागलं की ती काढून टाकायची. बुलेटच्या टाकीवरच्या बारीक रेघा, थारच्या बॉनेटवरची पट्ट्यांची जोडी, ट्रॅक्टरच्या बॉनेटच्या दोन्ही अंगांच्या पट्ट्या ही आमची रोजची कामं. गाडी दुकानासमोर उभी राहायची आणि आम्ही लावून द्यायचो, तेव्हा वरच्या तीनपैकी एकही तक्रार नव्हती. घरी लावायला पाकिटं पाठवायला लागलो आणि त्याच प्लॉटरवर (रेडियम कापायच्या मशीनवर), त्याच रोलमधून कापलेल्या पट्ट्यांच्या तक्रारी सुरू झाल्या.

पहिलं वर्षभर मी गिऱ्हाइकाच्या हाताला दोष दिला. ते चुकीचं होतं. दुकानात पट्टी कुठं अडकली तर आम्ही नखाने कोपरा सोडवतो, सुरकुती दिसली की कोपराने टेप दाबून धरतो, पत्रा तापलेला वाटला तर गाडी सावलीत ढकलतो. हे आपण करतोय हेसुद्धा आपल्या ध्यानात येत नाही. कापण्यातली आणि टेप लावण्यातली कसर अशी हातानेच भरून निघते. चिपळूणला घराच्या पडवीत पहिल्यांदाच पट्टी लावणाऱ्या माणसाकडे तो हात नसतो. म्हणून घरी लावायची पट्टी आपल्या टेबलावरच वेगळी तयार व्हायला हवी. तक्रारीवरून मागे मागे जात मला काय सापडलं ते खाली लिहितोय.

पट्टी कागद सोडत नाही

यात सर्वांत मोठा वाटा ब्लेडचा आहे, आणि तो सहसा कुणी तपासत नाही, कारण खोल कापलेली पट्टी वरून बघायला अगदी स्वच्छ दिसते. कागदाच्या वरच्या अंगाला सिलिकॉनचा पातळ थर असतो. रेडियम कागदावरून सुटतं ते केवळ त्या थरामुळे. ब्लेड त्या थराच्या पार गेलं की कापाच्या रेषेवर उघडा कागद राहतो. रेडियमचा गोंद पट्टीच्या कडेने हळूहळू त्या चिरेत उतरतो आणि कागदाच्या तंतूंना धरून बसतो. कापल्या कापल्या उचललीत तर पट्टी छान निघते, म्हणूनच दुकानात हा दोष कळत नाही. चार दिवस गुंडाळून, कुरियरच्या गाडीत दाबून गिऱ्हाइकाकडे पोचेपर्यंत गोंद चिरेत मुरलेला असतो. मग मधला भाग सुटतो आणि कडा अडकतात.

हे बोटाने तपासता येतं. कापलेला तुकडा उलटा करा, कागदाची मागची बाजू वर घ्या आणि डोळे मिटून त्यावरून बोटाचं टोक हलकेच फिरवा. कापाची रेषा वळ उठल्यासारखी बोटाला लागली तर ब्लेड खोल जातंय. आता तो तुकडा ट्यूबलाइटसमोर धरा. रेषेतून उजेड पाझरताना दिसला तर कागद जवळपास कापलाच गेलाय. बरोबर कापात मागची बाजू सपाट लागते आणि रेडियम सोलल्यावर कागदावर नखाने ओढल्यासारखा पुसट ओरखडा दिसतो, इतकंच. मी प्रत्येक नव्या रोलवर दोन सेंटिमीटरचा चौकोन आणि त्यात एक त्रिकोण कापून बघतो. त्रिकोण एकटा उचलता आला, चौकोन जागेवर राहिला आणि कागदावर फक्त ओरखडा उमटला, मगच पट्टी कापायला घेतो.

रोल बदलला की ब्लेड पुन्हा जुळवावं लागतं, हे वेगळं सांगायला हवं. रेडियमच्या दोन जाती, त्यांच्यातला फरक खाली येईलच: कास्ट रेडियम साधारण ५० मायक्रॉनचं असतं, कॅलेंडर्ड ७० ते ८० मायक्रॉनच्या आसपास. जाड रेडियमवर जुळवलेला दाब तसाच ठेवून पातळ रोल चढवला की ब्लेड थेट कागदात घुसतं. ब्लेड बोथट झालं तरी हेच घडतं: कापेना म्हणून आपण दाब वाढवतो, आणि बोथट टोक कापण्याऐवजी कागदाला खड्डा पाडत जातं. ब्लेडवर पैसे वाचवू नका. एका परत आलेल्या पट्टीच्या कुरियर खर्चात ब्लेडचे बरेच पैसे निघतात.

दुसरं कारण ट्रान्सफर टेपचं. टेप कमी, मध्यम आणि जास्त चिकट अशी मिळते. रुंद पट्टीला कमी चिकट टेप पुरते. चार-पाच मिलिमीटरच्या रेघेला मात्र टेपला धरायला जागाच कमी, तिथं जास्त चिकट टेप हवी. मॅट किंवा कार्बनच्या दाण्याचं रेडियम असेल तर एक पायरी वरची घ्या, कारण खरबरीत पृष्ठभागावर टेप नीट बसत नाही. एकच रोल सगळ्याला वापरण्याची सवय मला होती. बुलेटच्या बारीक रेघांच्या तक्रारींपैकी निम्म्या केवळ टेप बदलल्याने थांबल्या.

टेप लावल्यावर स्क्रॅपर (दाबून बसवायचं चपटं प्लास्टिक) जोर देऊन फिरवा, मग पट्टी उलटी करून कागदाच्या बाजूनेही फिरवा. ही मागची फेरी पुष्कळ जण गाळतात. त्यानंतर काही तास ती सपाट पडू द्या. टेपची पकड वेळेबरोबर वाढते, लावल्या लावल्या गुंडाळून पाकिटात टाकलं तर ती अर्धवटच राहते. उलट टोकही आहे: टेप लावून ठेवलेली पट्टी महिनोन् महिने माळ्यावर पडली तर पकड इतकी वाढते की मग ती गाडीला लागताना टेप सोडत नाही. म्हणून मी टेप लावलेला माल साठवत नाही. ऑर्डर आली की लावतो.

तिसरं कारण म्हणजे पावसाळा. जुलैमध्ये चिपळूणच्या एका गिऱ्हाइकाने मला व्हिडिओ कॉल केला. पट्टी त्यांनी जेवणाच्या टेबलावर उलगडून ठेवली होती. कागदाच्या कडा लाटेसारख्या वर आल्या होत्या आणि रेडियमखाली आडवे बोगदे पडले होते, कापडाखाली अळ्या सरकाव्यात तसे. प्रत्येक बोगद्यापाशी टेप रेडियमपासून सुटलेली. "काका, हे असंच असतं का?" त्या मुलाने विचारलं. असं नसतं. कागद हवेतला ओलावा पिऊन फुगला होता, रेडियम प्लास्टिकचं असल्यामुळे तेवढंच राहिलं होतं, आणि ताण बोगद्यांतून बाहेर पडला होता. त्यात भर माझ्या गुंडाळण्याची: रेडियम आतल्या बाजूला घेऊन मी पट्टी बारीक नळीवर घट्ट गुंडाळली होती.

तेव्हापासून रंगाची बाजू बाहेर ठेवूनच गुंडाळतो. त्याने रेडियम कागदावर ताणून बसतं, आत घेतलं तर दबून वर उचलतं. नळी तीन इंचांपेक्षा बारीक नको, जाड मिळाली तर उत्तमच. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पट्टी आधी प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बंद करून आणि मग नळीच्या खोक्यात. कोकणात जाणाऱ्या पट्ट्यांसाठी पॉलिथिनचा थर दिलेल्या कागदाचं रेडियम निवडतो, तो कागद ओलावा फार कमी घेतो. टेप लावताना ती रोलवरून ओढून ताणू नये. ताणलेली टेप आखडते आणि सगळी पट्टी कमानीसारखी वाकवते. याचं खापर हवेवर फुटतं, पण दोष हाताचा असतो.

आणि पट्टी गिऱ्हाइकाच्या हातात अडकलेलीच असेल तर? फोनवर मी हे एकच सांगतो: कागदावरून पट्टी उचलू नका, पट्टीवरून कागद काढा. पट्टी टेबलावर पालथी ठेवायची, कागद वर. कोपऱ्यातून कागद धरून तो स्वतःवरच उलटा दुमडत, अगदी जमिनीला समांतर, सावकाश मागे ओढत जायचं. रेडियम टेबलावर सपाट राहतं आणि वाकतो तो फक्त कागद. जिथं अडकलं तिथं कागद परत ठेवायचा, नखाने किंवा चमच्याच्या पाठीने घासायचं आणि पुन्हा ओढायचं. ब्लेड थोडं खोल गेलेल्या पट्ट्याही बहुतेक वेळा अशा निघतात. माणसं उभी राहून, पट्टी हवेत धरून, टेप स्वतःकडे ओढतात, तिथंच घोटाळा होतो.

गाडीवरून टेपबरोबर परत येते

टेप सरळ बाहेरच्या बाजूला ओढली तर पट्टी उचलली जाणारच. इथंही टेप स्वतःवर दुमडून, पत्र्याला चिकटून, मागे ओढायची. कागदी टेपवर पाण्याचा फवारा मारून मिनिटभर थांबलं तर तिचा गोंद मऊ होतो आणि ती मुकाट्याने सुटते.

पण मोठा घोळ साबणाच्या पाण्याचा आहे. लोक व्हिडिओ बघून पत्रा भिजवतात आणि लगेच टेप ओढतात. ओल्या पद्धतीत लिटरभर पाण्यात साबणाचे दोन-तीनच थेंब पुरतात; ते पाणी स्क्रॅपरने बाहेर काढून दहा-वीस मिनिटं थांबल्याशिवाय टेपला हात लावायचा नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ज्या रेडियमच्या गोंदात हवा निघून जायला बारीक नाल्या असतात, ते ओलं लावायचंच नसतं. पाणी त्या नाल्यांत अडकून बसतं आणि गोंद पत्र्याला धरत नाही. आपण कुठला रोल वापरलाय हे गिऱ्हाइकाला कसं कळणार? म्हणून प्रत्येक पाकिटावर मार्करने ठळक लिहितो: "कोरडी लावा" किंवा "साबणाच्या पाण्याने लावा". या दोन-तीन शब्दांनी माझे किती फोन वाचले याची गणती नाही.

टोकं उचलतात

इथं तीन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात, त्यामुळे फोनवर आधी प्रश्न विचारावे लागतात.

पहिला प्रश्न: लावलीत कशावर? पत्र्यावर, की ज्याला आपण फायबर म्हणतो त्या प्लास्टिकवर? स्कूटरचे रंगवलेले चकचकीत भाग बहुधा ठीक असतात. पण काळे, खरबरीत, न रंगवलेले मडगार्ड किंवा बंपरचा खालचा भाग पुष्कळदा पॉलिप्रॉपिलीनचा असतो आणि त्यावर साधा गोंद टिकतच नाही. त्यासाठी पट्टीची ऑर्डर आली तर मी घेत नाही. पैसे घेऊन पंधरा दिवसांनी शिव्या खाण्यापेक्षा आधी नाही म्हणणं बरं.

दुसरा: धुतलीत कशाने? गाडी धुतली म्हणजे स्वच्छ झाली असं सगळ्यांना वाटतं. शोरूमचं पॉलिश, टायरला आणि डॅशबोर्डला चमक आणणाऱ्या फवाऱ्यातलं सिलिकॉन शाम्पूने जात नाही. पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल हवं, ७० टक्क्यांचं मेडिकलमध्ये मिळतं. दोन कापडं घ्यायची, एकाने ओलं पुसायचं आणि ते वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्याने उचलून घ्यायचं. एकाच कापडाने पुसत राहिलं तर तेल नुसतं इकडचं तिकडे होतं. थिनर किंवा पेट्रोल लावू नका हेही लिहून द्यावं लागतं. तरी पेट्रोल लागतंच. बुलेटच्या टाकीवर पेट्रोलचं झाकण असतं, भरताना थेंब ओघळतो आणि गोंद मऊ करतो. म्हणून टाकीची रेघ झाकणापासून लांब आखतो, गिऱ्हाइकाने कितीही सांगितलं तरी.

तिसरा प्रश्न आपण स्वतःला विचारायचा: पट्टीची टोकं कशी कापलीत? काटकोनी टोक धुण्याच्या फडक्याला अडकतं, ते आधी उचलतं. दोन-तीन मिलिमीटरची गोलाई दिली की फडकं वरून घसरून जातं. डिझाइनमध्ये याला मिनिटभर लागतो. दार आणि पुढच्या मडगार्डमधल्या फटीवरून पट्टी अखंड जाऊ देऊ नका. फटीच्या दोन्ही बाजूंना कापून कडेपासून मिलिमीटर-दीड मिलिमीटर आत थांबवा.

आणि रेडियमची जात. कॅलेंडर्ड रेडियम गरम रुळांतून लाटून काढतात, त्यामुळे त्याला परत आखडायची ओढ असते. कास्ट हे पातळ द्रव ओतून तयार करतात, त्यात ती ओढ नसल्यात जमा. ओराकल ब्रँडचंच घ्यायचं तर ६५१ हे कॅलेंडर्ड आणि ९५१ हे कास्ट. सपाट दारावरच्या पट्टीला कॅलेंडर्ड चालतं. टाकीच्या गोलाईवर मात्र गिऱ्हाईक पट्टी ताणून बसवणार, आणि ताणलेलं कॅलेंडर्ड पहिल्या कडक उन्हात टोकाकडून आखडणार. दुकानात लावताना आपण हीट गनने ते सांभाळतो. घरच्या हेअर ड्रायरने तेवढं तापमान येत नाही. म्हणून गोलाईला कास्टच देतो आणि खोल खाचेतून जाणारी पट्टी घरी लावायला देतच नाही.

ताज्या रंगावर लावली असेल तर वरचं सगळं व्यर्थ. अपघातानंतर रंगवलेल्या भागातून काही आठवडे वाफ निघत राहते आणि पट्टीखाली बुडबुडे धरतात. ते टाचणीने फोडले तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात. पेंटरला विचारा आणि किमान तीन-चार आठवडे थांबा, असं मी सांगतो. प्रिंट केलेल्या पट्टीचा असाच दोष आपल्याकडे असतो: सॉल्व्हंट शाई पुरती सुकायच्या आत लॅमिनेट केली की कडा वळतात. प्रिंट चोवीस तास मोकळी टांगून ठेवा, गुंडाळून नाही.

वाकडी लागली

यातला बराचसा दोष चिठ्ठीचा असतो. "डावी" लिहिलं की गिऱ्हाईक बॉनेटसमोर उभा राहून डावी धरतो आणि पट्टी उलट्या बाजूला जाते. आता टेपवर "ड्रायव्हरची बाजू" असं लिहितो आणि पुढच्या टोकाकडे बाण काढतो. बॉनेटच्या दोन पट्ट्या सुट्या देत नाही. दोन्ही एकाच रुंद टेपवर, मधलं अंतर आमच्याकडूनच पक्कं, आणि मध्यावर पेन्सिलची रेघ. ती रेघ बॉनेटच्या मध्याशी जुळली की काम झालं. लांबीला दोन्ही टोकांना दोन-दोन इंच जास्त देतो. माप तोंडी घेत नाही, पत्र्यावर मापाची टेप धरून काढलेला फोटोच मागतो. बॉनेट गोल असतं, त्यावर टेप वळवून घेतलेलं माप आणि सरळ धरून घेतलेलं माप यात चांगला इंचभर फरक पडतो.

टेप रेडियमपेक्षा दोन्हीकडे इंचभर लांब ठेवून तिचे कान दुमडून देतो, म्हणजे पकडायला जागा मिळते आणि बोटाचं तेल गोंदाला लागत नाही. लांब पट्टीला मधोमध आडवी कागदी टेप मारून बिजागरी करायची, मग एक अर्ध उलटवून तेवढाच कागद काढून कात्रीने कापायचा, आणि मधूनच बाहेरच्या दिशेने, स्क्रॅपर ४५ अंशांत धरून दाबत जायचं. हे चार चित्रांत काढून पाकिटात घालतो. लेखी सूचना वाचणारे थोडे, चित्रं सगळे बघतात.

वेळेचंही तसंच. विदर्भातल्या मे महिन्यात उन्हातला पत्रा हाताला पोळतो, त्यावर गोंद टेकताक्षणी धरतो आणि सरकवायची एक संधीही देत नाही. तिकडे सकाळी लवकर, सावलीत लावायला सांगतो. लावल्यावर निदान दोन-तीन दिवस गाडी धुवायची नाही, आणि प्रेशरच्या पाण्याचा फवारा टोकांवर कधीच नाही.

या सगळ्यानंतरही मी प्रत्येक पाकिटात त्याच रोलमधला, त्याच ब्लेडने कापलेला, त्याच टेपचा दहा सेंटिमीटरचा एक तुकडा जास्तीचा घालतो. "आधी हा लावा, उद्या सकाळी कडेला नखाने बघा, मग पट्टी लावा." कापडाचं पाणी राहिलं, पत्रा ताजा रंगवलेला निघाला, फायबर चुकीचं निघालं, काहीही असो, नुकसान त्या तुकड्याचं होतं.

गेल्या जानेवारीत निफाडहून एक ताई बोलत होत्या. मुलाच्या बुलेटच्या टाकीवर लावायचं होतं. "दादा, तुमचा तुकडा लोखंडाला धरतच नाही, हात काढला की सुटतो." वेळ विचारली तर सकाळचे सात. निफाडच्या थंडीत त्या वेळी पत्रा बर्फासारखा, आणि साधारण दहा अंशांच्या खाली बहुतेक गोंद धरत नाहीत. गाडी उन्हात काढा, टाकी हाताला कोमट लागली की मग लावा, म्हणालो. दुपारी दीडच्या सुमारास फोटो आला. तुकडा टाकीवर बसलेला, आणि त्याच्या शेजारी दोन्ही बाजूंच्या रेघाही लावून झालेल्या. उद्यापर्यंत थांबायचं राहून गेलं होतं, पण रेघा आजही जागेवर आहेत.